हाताला पट्टी कशी बांधायची: सोलापुरात नव्याने बॉक्सिंग शिकणाऱ्यांसाठी

तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद आधी त्याला लंगोट नीट बांधायला लावतात, डाव मागाहून. बॉक्सिंगमध्ये हाच मान हाताच्या पट्टीचा आहे. पण बॅचमध्ये पंचवीस-तीस पोरं असली की सर पट्टी एकदाच बांधून दाखवतात आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो आपल्या मनाने गुंडाळू लागतो. मोबाइलवर पाहावं तर प्रत्येक व्हिडिओत पद्धत वेगळी, त्यात समोरच्याचा हात आरशातल्यासारखा उलटा दिसतो. म्हणून इथे एकच पद्धत पूर्ण दिली आहे. ती हातात बसेपर्यंत दुसरी शिकू नका.

पट्टी म्हणजे हाताखालची गादी, असा बहुतेकांचा समज असतो. इथूनच चूक सुरू होते. ठोशाचा धक्का शोषण्याचं मुख्य काम ग्लोव्हजचं. पट्टीचं काम बांधून ठेवण्याचं. हातात २७ हाडं असतात: मनगटात ८ छोटी, पंजात ५ लांब आणि बोटांत १४. मूठ आदळते तेव्हा पंजाची लांब हाडं एकमेकांपासून फाकू पाहतात आणि मनगट मुडपू पाहतं. कडब्याची सुटी ताटं गुडघ्यावर सहज मोडतात, पेंढी आवळून बांधली की मोडत नाही. पट्टी हाताची पेंढी बांधते. हे एकदा डोक्यात बसलं की कुठे वेढे जास्त द्यायचे, कुठे कमी, हे पाठ करावं लागत नाही.

१. सामान आणि कापडाची पारख

- पट्टीची जोडी: मोठ्यांना ४.५ मीटर लांबीची. पुडक्यावर १८० इंच लिहिलेलं असतं. लहान मुलांना आणि बारीक हातांना १०८ किंवा १२० इंच, म्हणजे पावणेतीन ते तीन मीटर. रुंदी साधारण ५ सेंटिमीटर.
- याच मापाची दुसरी जोडी. एक वाळत असताना दुसरी वापरायला हवीच.
- नेलकटर.
- धुण्यासाठी जाळीची पिशवी, नाहीतर उशीचा जुना अभ्रा.
- वेलक्रो साफ करायला जुना टूथब्रश.
- पट्टी बांधलेल्या हातावर घालून पाहूनच घेतलेले ग्लोव्हज.

चादर घेताना आपण पोत बोटांनी चाचपतो. पट्टीही तशीच घ्यायची. दुकानात दोन प्रकार मिळतात. एक निव्वळ सुती, अजिबात न ताणणारी. दुसरी थोडी ताणणारी, सुताबरोबर लवचीक धागा विणलेली. नवख्याने थोडी ताणणारी घ्यावी, ती पंजाच्या उंचसखल भागावर सुरकुत्या न पडता बसते. सुती पट्टी टिकते जास्त, पण पहिल्या धुण्यात थोडी आटते आणि एखादा वेढा सैल पडला तर तो सैलच राहतो. एक फूट पट्टी दोन्ही हातांत धरून ओढा. दोन-तीन इंच वाढून सोडल्यावर पूर्ववत झाली तर ठीक. दुप्पट लांब होत असेल तर परत ठेवा.

याच कारणाने मेडिकलमधलं क्रेप बँडेज आणू नका. ते ६, ८, १० सेंटिमीटर रुंदीत मिळतं, दिसायला सारखंच वाटतं, म्हणून पुष्कळ जण पैसे वाचवायला तेच घेतात. ते सुजेवर दाब देण्यासाठी असतं. मुठीवर बांधलं की प्रत्येक ठोशाला ताणतं, हाडं धरून ठेवत नाही, आणि घट्ट ओढलं तर बोटं बधिर करतं. जुन्या धोतराच्या फाडलेल्या पट्ट्यांना विणलेला काठ नसतो. कडेचे दोरे सुटून बोटांच्या बेचक्यात गुंततात आणि कातडी कापतात. खाटेची निवार तर फारच जाड आणि ताठ, तिच्यावरून मूठच वळत नाही. कापडाच्या गावात राहून एवढं कापड विकत कशाला आणायचं, असं वाटेल. आणाच.

जेल भरलेले आत घालायचे हातमोजे पटकन चढतात, पण त्यांत मनगटाला आधार फार थोडा असतो. शिकण्याच्या काळात ते नकोत.

२. बांधण्याआधी

अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ काढा. मनगटावरचा देवाचा दोरा किंवा गंडा काढायचा नसेल तर तो कोपराकडे सरकवून पट्टीच्या हद्दीबाहेर न्या. पट्टीखाली राहिलेली गाठ तासाभरात कातडीत रुतते. नखं कापलेली हवीत. हात धुऊन कोरडे करा, ओल्या हातावर पट्टी सरकते.

पट्टी गुंडाळलेली असू द्या. सुटी पट्टी जमिनीवर लोळते, धूळ घेते आणि पीळ खाते. गुंडाळी वेलक्रोच्या टोकापासून सुरू केलेली हवी, म्हणजे दुसऱ्या टोकाचा, अंगठा अडकवायचा फास बाहेर राहतो. फासाजवळ अनेक पट्ट्यांवर खालची बाजू कोणती ते छापलेलं असतं; ती बाजू कातडीला लागली पाहिजे. उलटी लावली तर सगळं बांधून झाल्यावर वेलक्रो वर तोंड करून राहतो आणि चिकटत नाही.

आता हात पुढे धरा, तळवा जमिनीकडे. पाचही बोटं ताणून फाकवा आणि मनगट सरळ ठेवा. बांधून होईपर्यंत हे दोन्ही सोडायचं नाही. मूठ वळली की पंजा रुंदावतो. बोटं जुळवून ठेवून बांधलं तर त्या रुंदावण्याला जागा उरत नाही आणि मूठ वळताच पट्टी काचते. मनगट वाकवून बांधलं तर पट्टी त्याला वाकलेलंच धरून ठेवते.

३. दिशा लक्षात ठेवा, वेढे आपोआप येतील

हाताच्या पाठीवरून पट्टी नेहमी अंगठ्याकडून करंगळीकडे जाते. तळव्याच्या बाजूने नेहमी करंगळीकडून अंगठ्याकडे येते. डावा हात असो की उजवा, नियम हाच. मध्येच गोंधळ झाला तर पट्टी आत्ता पाठीवर आहे की तळव्यावर, एवढंच बघा. पुढे कुठे जायचं ते कळतं. या दिशेचा फायदा असा की सुरुवातीची पट्टी पाठीवरून जाते आणि मूठ वळली की आवळते. फास घालून पट्टी आधी तळव्यावरून नेली तर मूठ वळताना तीच सैल पडते.

४. फास आणि मनगट: तीन वेढे

फास अंगठ्यात घाला. पट्टी पाठीवरून तिरकी करंगळीच्या बाजूने मनगटाकडे न्या. मनगटावर तीन वेढे द्या. तिन्ही एकाच जागी एकावर एक नकोत. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकत कोपराच्या दिशेने सरकू द्या. म्हणजे मनगटाच्या घडीपासून खाली सात-आठ सेंटिमीटर भाग धरला जातो. एकाच जागी दिलेल्या वेढ्यांचा गजरा होतो, आणि गजरा मनगटाला मुडपण्यापासून रोखत नाही.

५. गाठी: तीन वेढे

मूठ वळल्यावर वर येणाऱ्या चार उंचवट्यांना इथे गाठी म्हटलं आहे. मनगटावरून पट्टी पाठीवर तिरकी वर आणा आणि गाठींवरून पंजाभोवती तीन वेढे द्या. पट्टीचा मध्य गाठींवर यायला हवा, थोडा भाग बोटांच्या बाजूला गेला तर चालेल. बहुतेक नवख्यांची पट्टी गाठींच्या मागे, पंजाच्या मध्यावर बसते, कारण बोटं सरळ असताना गाठी दिसत नाहीत. पहिल्या वेढ्यानंतर एकदा मूठ वळून बघा: चारही गाठी झाकल्या असतील तर पुढे चला. तिसऱ्या वेढ्यानंतर पाठीवरून परत मनगटावर या आणि मनगटाखालून पट्टी अंगठ्याच्या बाजूला काढा.

६. बोटांमधले तीन फेरे

सगळ्यांत जास्त गडबड इथे होते. सावकाश वाचा, पट्टी हातात घेऊनच वाचा.

पट्टी मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला आहे. तिथून पाठीवरून तिरकी वर, करंगळी आणि अनामिका यांच्या बेचक्यात न्या. बेचक्यातून तळव्यात उतरवा. तळव्यावरून तिरकी अंगठ्याच्या मुळाशी आणा. तिथून पाठीवर चढवा, करंगळीच्या बाजूने मनगटाकडे उतरवा, मनगटाखालून पुन्हा अंगठ्याच्या बाजूला काढा. एक फेरा झाला. पाठीवर पट्टीची फुली दिसायला हवी.

दुसरा फेरा तसाच, फक्त अनामिका आणि मधल्या बोटाच्या बेचक्यातून. तिसरा मधलं बोट आणि तर्जनीच्या बेचक्यातून.

बेचक्यातून जाताना पट्टी दुमडून अरुंद होते. ती होऊ द्या, पण पीळ पडू देऊ नका. पिळलेल्या पट्टीची दोरी होते आणि दोरी बोटांच्या मधली नाजूक कातडी सोलते. बेचक्यात ताणही कमी ठेवा. हे फेरे गाठींना एकमेकींवर घासू देत नाहीत आणि वरचे वेढे मनगटाकडे घसरू देत नाहीत. त्यासाठी हलकी पकड पुरते.

७. अंगठा

तिसऱ्या फेऱ्यानंतर मनगटाखालून अंगठ्याकडे येणारी पट्टी तळव्याच्या बाजूने अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून वर काढा. अंगठ्याच्या खालच्या पेराभोवती एक पूर्ण वेढा द्या, पुन्हा त्याच बेचक्यातून वर येऊन पाठीवरून करंगळीच्या बाजूने मनगटाकडे जा. वेढा एकच. दोन दिले तर ग्लोव्हजमध्ये अंगठा शिरत नाही.

८. पुन्हा गाठी, शेवट मनगटावर

मनगटाखालून अंगठ्याच्या बाजूला येऊन, पाठीवरून तिरके वर जाऊन गाठींवर आणखी तीन वेढे. मग मनगटावर उतरून उरलेली पट्टी तिथे संपवा. वेलक्रो मनगटाच्या पाठीवर किंवा बाहेरच्या बाजूला लावा. आतल्या बाजूला, नाडी लागते तिथे, लावू नका. ग्लोव्हजचा पट्टा आवळला की तो टोचतो.

४.५ मीटर पट्टी कुठे जाते, ते मध्यम हातावर मोजून पाहा. मनगट १७ सेंटिमीटर धरलं तर तीन वेढ्यांना सुमारे ५० सेंटिमीटर. गाठींवर २१ चा एक वेढा, सहा वेढ्यांना सव्वा मीटर. बोटांमधला प्रत्येक फेरा सुमारे ४०, तीन मिळून १२० सेंटिमीटर. अंगठ्याला ३५. फास आणि मधल्या तिरक्या चढउतारांना ७० च्या आसपास. उरलेल्या अर्ध्या मीटरमध्ये शेवटचे तीन वेढे मनगटावर बसतात. पट्टी यापेक्षा खूप आधी संपली तर ताण कमी पडून पट्टी हातापासून उठते आहे किंवा वेढा जास्त गेला आहे. खूप उरली तर तुम्ही फार ओढता आहात. तीन मीटरची पट्टी असेल तर गाठींवरचे शेवटचे तीन वेढे सोडा आणि मनगटाचे वेढे दोन-दोन करा. बोटांमधले फेरे सोडू नका.

९. ताण बरोबर आहे का?

हात उघडा असताना पट्टी अंगाबरोबर, पण आरामात बसलेली हवी. मूठ वळल्यावर घट्ट. उघड्या हाताला घट्ट वाटत असेल तर मूठ वळल्यावर नक्की काचेल.

दहा वेळा मूठ वळा आणि उघडा. मग एका बोटाचं नख दाबून पांढरं करा आणि सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. उशीर लागला, बोटं निळसर झाली, मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. "घाम आला की सैल होईल" हे ऐकू नका. व्यायामाने हात थोडा फुगतो आणि पट्टी उलट जास्तच आवळते.

नवख्याला एका हाताला पाच-सहा मिनिटं लागतात. सरावाने दोन. डावखुरे नसाल तर उजवा हात बांधताना डाव्या हाताने ओढलेली पट्टी सैल पडते, म्हणून पहिले काही आठवडे आधी उजवा हात बांधा, बोटं ताजी असतात तेव्हा. दुसऱ्याकडून बांधून घ्यायची सवय लावू नका. घरी टीव्हीसमोर बसून रोज तीनदा बांधून सोडली तरी आठवड्यात हात बसतो.

१०. पट्टी जिथे कमी पडते

ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे, आणि त्या वेळी त्या गाठी, मनगट, कोपर एका रेषेत हवेत. हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा, घुमवून करंगळीच्या बाजूने बसला की करंगळीमागचं लांब हाड मानेशी, म्हणजे गाठीच्या लगेच मागे, मोडतं. इंग्रजीत त्याचं नावच बॉक्सरचं फ्रॅक्चर असं पडलं आहे. कितीही चांगली पट्टी चुकीच्या ठोशाला वाचवत नाही.

ठोसे मारायच्या बॅगकडेही बघा. आपल्याकडे कातरणाला तोटा नाही, त्यामुळे बऱ्याच बॅगा कपड्याच्या कातरणाने आणि चिंध्यांनी भरलेल्या असतात. लटकून लटकून कापड खाली दबतं. वरचा भाग मऊ आणि बुडाचा भाग लाकडासारखा होतो. वाळू घातलेली असेल तर आणखी वाईट. मारण्याआधी हाताने दाबत वरून खाली चाचपा आणि कडक भागावर मारू नका. महिन्या-दोन महिन्यांनी बॅग उतरवून आतलं कापड मोकळं करून भरायला सरांना सांगा. चार पोरं अर्ध्या तासात करतात.

नुसत्या पट्टीवर, ग्लोव्हज न घालता, बॅग मारू नका. हात "कणखर" करायला भिंतीवर किंवा वाळूत ठोसे मारण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच मानू नका. सोळा-सतरा वर्षांच्या पोराची हाडं अजून वाढत असतात.

ग्लोव्हज बॅगसाठी १२ औंस, स्पारिंगसाठी, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीसाठी, १६ औंस. १६ औंस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. पट्टीसकट हात आत गेल्यावर बोटांची टोकं आतून हलकी टेकायला हवीत, मूठ पूर्ण वळायला हवी.

स्पर्धेला जाताना आपल्या संघटनेचं त्या वर्षाचं नियमपत्रक आधी बघा. हौशी बॉक्सिंगमध्ये पट्टीच्या लांबीवर ४.५ मीटरची मर्यादा चालत आली आहे. पट्टीवर मनाने चिकटपट्टी किंवा कापसाची जादा घडी लावली तर तपासणीच्या टेबलावर सगळं सोडून पुन्हा बांधायला लावतात, आणि घाईत बांधलेली पट्टी घेऊन रिंगमध्ये चढावं लागतं.

११. धुणं

घामट पट्टी सामानाच्या पिशवीत कोंबून ठेवली की दुसऱ्या दिवशी वास, चौथ्या दिवशी खाज. गाठींची कातडी सोललेली असेल तर त्यात जंतू जातात. घरी पोचल्यावर पहिलं काम, पट्टी सोडून टांगणं.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे धरून चाला. रोज साबण लागत नाही. अर्धी बादली पाण्यात दोन्ही पट्ट्या दहा मिनिटं बुडवून पिळल्या तरी बराचसा घाम निघतो, आणि ते पाणी पुढे फरशीला वापरता येतं. पाणी येतं त्या दिवशी साबणाने धुवा. मशीनमध्ये टाकायची तर वेलक्रो बंद करून, जाळीच्या पिशवीत किंवा तोंड बांधलेल्या अभ्र्यात. सुट्या टाकल्या तर घरातल्या साड्यांसकट एक गाठोडं बाहेर येतं.

एप्रिल-मेच्या उन्हात सुती पट्टी पाहता पाहता वाळते. ताणणारी मात्र सावलीत वाळवा, कडक उन्हाने तिचा लवचीक धागा लवकर मरतो. वेलक्रोमध्ये सुताचे तंतू अडकून तो धरेनासा होतो. टूथब्रशने खरवडून काढा. पट्टी ओढल्यावर परत येत नसेल किंवा काठ उसवला असेल तर बदला.

१२. दुखलं तर

सोललेली गाठ पाण्याने धुवा, कोरडी करा, भरेपर्यंत बॅग बंद.

पुढची तीन दुखणी अंगावर काढायची नाहीत. करंगळीच्या बाजूची गाठ बसकी दिसते किंवा मूठ वळताना करंगळी अनामिकेवर तिरकी जाते. मधल्या बोटाची गाठ सुजते आणि बोट वाकवताना तिच्यावरची शीर एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा पडतो, तिथे दाबल्यावर दुखतं. या तिसऱ्याला फार जपा. तिथल्या छोट्या हाडाला रक्तपुरवठा अपुरा असतो, ते मोडलं तर हळू जुळतं, आणि पहिल्या दिवसांच्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही. एक्स-रे स्वच्छ आला तरी डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतात तेव्हा जा.

तोवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, हात छातीच्या उंचीवर. तेल लावून चोळणं, बोट ओढून "बसवणं" नको. मोडलेलं हाड त्याने जागचं हलतं. सिव्हिलला किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवताना बॉक्सिंग करतो हे आणि ठोसा नेमका कुठल्या गाठीवर बसला तेही सांगा, म्हणजे एक्स-रे योग्य कोनातून काढला जातो.

डॉक्टरांनी हात मोकळा केल्यावर लगेच जड बॅगला भिडू नका. आधी नुसतं शॅडो, म्हणजे हवेत ठोसे, मग पट्टी बांधून सरांनी हातात धरलेल्या पॅडवर हलके सरळ ठोसे, मग बॅग अर्ध्या जोराने. हूक सगळ्यांत शेवटी. मध्ये कुठेही तीच जागा दुखली तर एक पायरी मागे या.